मैनेला घेऊन तारोडीला

आमच्या गावातून मीरा-भाईंदरला कुणी फिरायला जात नाही. तिकडे पोट भरायला जातात, आणि गेलेला माणूस दिवाळीला परत आला की लिफ्ट, टँकर आणि मेट्रोच्या खांबांबद्दल सांगत बसतो. मी गेले ती एका कुत्रीला नवरा दाखवायला. हे वाचून हसू आलं तर हसा. गावातही सगळे हसलेच होते.

आमचं गाव लातूरच्या पलीकडे, काळ्या रानात. माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या कारवानी कुत्री पाळतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: उंच, लांब पायांचं, पोट पाठीला लागलेलं, निमुळत्या तोंडाचं कुत्रं. पाहुणे पहिल्यांदा बघतात तेव्हा हमखास विचारतात, याला खायला घालत नाही का? ते पळायला लागलं की प्रश्न संपतो. सासऱ्यांच्या आजोबांच्या काळी ही कुत्री सशामागे सोडायचे. शिकार कायद्याने बंद झाली तशी ती रान आणि मेंढरं राखू लागली. मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणात माणसांपेक्षा कुत्री जास्त होती, आणि मला कुत्र्यांची भीती वाटायची. आता भाकरीचा तुकडा हातातून कुणीतरी मऊ ओठांनी काढून घेतल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात साथ आली. रक्ताची हगवण लागायची आणि कुत्रं बघता बघता सुकून जायचं. डॉक्टर आले, सलाईन लावली, पण नर गेले, पिल्लं गेली, म्हाताऱ्या कुत्र्या गेल्या. एकटी मैना राहिली. नाना, म्हणजे माझे सासरे, शेवटचं कुत्रं रानात पुरून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "मैना हाय तवर हाय. फुडं बास."

माझा नवरा महादेव खाली मान घालून गुरांना वैरण टाकायला गेला. मला ते पचलं नाही. गावात इतरांकडे नर होते, पण शर्यतीच्या नादात त्यांच्यात बाहेरचं रक्त मिसळलेलं. नाना त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

तेव्हा मला ग्रेटा आठवली. काही वर्षांपूर्वी ही मुलगी एसटीने एकटीच आमच्या गावात आली होती, उत्तनजवळच्या तारोडीहून. तिच्या घरात आजोबांपासून कुत्र्यांची पैदास आणि शो यांचाच नाद. तिला अस्सल कारवानी पिल्लू हवं होतं. दिवसभर ती आमच्या गोठ्यात पिल्लांमध्ये बसून राहिली, ठेचा खाऊन डोळे पुसत राहिली, आणि संध्याकाळी नानांनी एक नर तिच्या पदरात घातला. ती गेल्यावर मात्र कुरकुरले, "पळायच्या कुत्र्याला ही पोरगी नाचवणार." त्या पिल्लाचं नाव तिने हिरा ठेवलं. त्याचे फोटो ती मला पाठवत राहिली. मैना सोडली तर आमच्या अंगणातलं ते सगळं रक्त संपलं होतं, पण तारोडीला ते जिवंत होतं.

जानेवारीत मैना माजावर आली. मी ग्रेटाला फोन केला. ती म्हणाली, "ताई, आजच निघा. रविवारी इथे डॉग शो पण आहे, नानांना दाखवू." एवढंच म्हणाली. हिराचं नाव ऐकून नानाही निघाले.

तारोडी

प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच की मैनेने नानांच्या मांडीवर ओकारी काढली आणि घाटाच्या अलीकडे एका धाब्याच्या नळावर मी धोतर पिळत उभी राहिले. महादेवने गाडीने आम्हाला सोडलं आणि घरची गुरं एकटी म्हणून चहा पिऊन लगेच परत फिरला.

भाईंदर बघून नानांची मान दुखली. एवढ्या उंच इमारती आणि त्या एवढ्या जवळजवळ, की एका घरातली फोडणी दुसऱ्या घराला लागत असावी. पण स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धा आणि राई ही गावं लागतात, खाडीचं पाणी लागतं, आणि मग नारळ, वळणावरचे क्रूस आणि व्हरांड्यांची घरं. तारोडीत उतरल्यावर पहिला आला तो वास. नानांनी नाकाला उपरणं लावलं. "काय मेलंय इथं?"

"न्हाय हो, बोंबील सुकतान," असं म्हणत ऑल्विन अंकल बाहेर आले. ग्रेटाचे वडील. भरदार अंग, बनियन, हाफ पँट, आणि दोन्ही गुडघ्यांना पट्टे. नानांना त्यांनी मिठीच मारली. नाना आयुष्यात कुणाच्या मिठीत गेले नसावेत. ते खांबासारखे उभे राहिले.

मजा अशी की दोघांची भाषा जुळली. नाना म्हणायचे हाय आणि न्हाई, अंकल म्हणायचे हाय आणि न्हाय. शाळेत शिकवलेलं आहे आणि नाही बोलणारी मी त्या घरात परकी, ग्रेटा तेवढी आमच्याशी तसं बोलायची. रेजिना आंटी, म्हणजे ग्रेटाची आई, माझ्याशी आधी हिंदीत बोलल्या. इथे अनोळखी माणसाशी बोलायची तीच रीत म्हणे. मग नानांचं ऐकून हसल्या आणि त्यांच्या बोलीवर आल्या.

घरात एका भिंतीला मदर मेरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कप. चांदीचे, पितळेचे, काळे पडलेले. एका कपात लिंबं होती, एकात कपड्यांचे चिमटे. अंकल सांगू लागले. त्यांचे वडील बांद्र्याला एका पारशी बंगल्यात कुत्री सांभाळायला होते. मालक परदेशी निघाला तेव्हा आखूड पायांच्या, लांब अंगाच्या कुत्र्यांची एक जोडी त्यांना देऊन गेला. बाकी पोरांचे बाप मासळी घेऊन घरी यायचे, अंकलचे वडील कुत्री घेऊन आले. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. अंकलनी बॉक्सर केले, अल्सेशियन केले, दर थंडीत पुणे, नाशिक, बंगलोर. आंटी म्हणाल्या, "आमचा हनिमून पण शोमध्येच झाला. रूममध्ये आमच्याबरोबर दोन अल्सेशियन."

"आणि मग ही," अंकलनी ग्रेटाकडे बोट केलं, "लातूरवरून धनगराचा कुत्रा घेऊन आली. मी दोन महिने बोललो न्हाय हिच्याशी. अख्खी जिंदगी आपण फॉरेन ब्रीड दाखवले, आणि आता हा उपाशी कुत्रा रिंगमध्ये न्यायचा?"

मी नानांकडे बघितलं. वाटलं, आता उठतात. पण नाना म्हणाले, "म्या बी हिला शिव्याच दिल्त्या. म्हणलं, नाचवणार माझ्या कुत्र्याला." दोघे हसले आणि मधला ताण गेला.

मग ग्रेटाने हिराला आणलं. फिकट मधाच्या रंगाचा, अंगावर हात फिरवला तर रेशमासारखा. नाना पुढे झाले. त्यांनी त्याची मान चाचपली, खांदा, बरगड्या, शेपटीचं मूळ. बराच वेळ त्यांचा हात मानेवरच राहिला. मग मला म्हणाले, "ह्याच्या आज्जीची मान हाय गं. जशीच्या तशी." आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघू लागले. तो समुद्रही ते पहिल्यांदाच बघत होते, पण तेव्हा त्यांना तो दिसला असेल असं वाटत नाही.

मैनेने मात्र हिराला जवळ येऊ दिलं नाही. दात दाखवून गुरगुरली. "अजून दिस भरलं न्हाईत," नाना म्हणाले. कुत्री माजावर आली तरी मोजके दोनतीन दिवसच ती नराला उभी राहते. तिला खालच्या खोलीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी बांधलं आणि हिराला वरच्या मजल्यावर.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, ओल्या बोंबलाचं कालवण आणि मैद्याचे गोल, हलके फुगे. नानांना मटण चालतं, पण माशाच्या काट्याची धास्ती. त्यांनी फुगे खाल्ले आणि चवीने खाल्ले. बोंबलाला काटा जवळजवळ नसतोच हे आंटींनी परोपरीने सांगितलं. नाना म्हणाले, "जवळजवळ म्हंजी हाय की."

बोंबलांच्या मांडवाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैनेला किनाऱ्यावर नेलं. तिला लाटांचं काही वाटलं नाही. तिने सरळ जाऊन समुद्राचं पाणी प्यायला सुरुवात केली, पाटाचं पितात तसं. मग जे व्हायचं ते झालं. मी तिचं तोंड पुसत असताना तिने मान पट्ट्यातून काढून घेतली आणि सुटली. कारवानी सुटल्यावर मागे धावण्यात अर्थ नसतो, हे मला कळतं. तरी मी साडी वर खोचून धावले.

ती सापडली बोंबलांच्या मांडवाखाली. बांबूच्या उंच आडव्या काठ्यांवर जोडीजोडीने अडकवलेले बोंबील, आणि मागच्या पायांवर उभी राहून मैना एकेक ओढून खात होती. शेजारची बाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. मी माफी मागितली.

"खाऊ दे गं बाय. पोटुशी व्हायचीय ना तिला," ती म्हणाली. सगळ्या गावाला आमच्या येण्याचं कारण माहीत झालं होतं. मग तिने आवाज खाली केला. "पण ग्रेटाची कमाल हाय. दुसरी कोण असती तर सांगितलं असतं, शो झाल्यावर या. कुत्री घरात आल्यापासून हिरा खातो कुठे? आंटी सांगत होती, चिकन पण हुंगून सोडलं. दरवाजा ओरबाडतोय. आणि एकदा जोडी लागली की नराचं रिंगमध्ये लक्ष न्हाय राहत. एकच सर्टिफिकेट राहिलंय त्याचं, चॅम्पियन व्हायला. वयाने मोठा पण झाला. दुसऱ्यांदा असा चान्स कधी मिळतो?"

मैनेला पट्टा घालून मी निघाले. घरी येऊन पाहिलं तर खरंच, वरून हिराचं कण्हणं येत होतं आणि ग्रेटा जिन्यात बसून हातात वाटी धरून त्याला घासभर भात भरवायला बघत होती. मी विचारलं, "तू फोनवर का नाही सांगितलंस?"

तिने हिराच्या तोंडापुढचा घास परत वाटीत टाकला. मग म्हणाली, "काय सांगू ताई? तुमच्याकडचे सगळे गेले. एकटी मैना राहिली. आणि मी म्हणू, थांबा, माझा शो आहे?" वाटी खाली ठेवली. "पण खरं सांगू, काल तो जेवला नाही तेव्हा मला तुमचा राग आला. खूप आला."

तिने हे सांगितलं म्हणून मला ती जास्त आवडली.

मी नानांना सांगितलं. ते अंगणात खाटेवर बसले होते. ऐकून उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "पिशव्या भर."

"घरी जायचं?"

"घरी कशाला? हितनं हलायचं. ह्या पोरीचा शो होऊंदे. मग ऐतवारी संध्याकाळी बघू."

"आणि मैनेचे दिवस तोवर सरले तर? मग पावसाळ्यापर्यंत थांबायचं, आणि पुन्हा साथ आली तर?"

"सरले तर सरले. लोकांच्या घरात शिरून त्यांच्याच पोरीचं नुस्कान करायचं असतंय का?" एवढं बोलून ते स्वतःच मैनेला सोडायला गेले. पट्ट्याचा काटा लवकर निघेना.

अंकलनी थांबवून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी म्हणाले, "लॉजवाले कुत्रा घेणार न्हाय. मुर्ध्याला माझा दोस्त हाय, शाळेतला. त्याच्याकडे सोडतो."

मुर्धा

जनार्दन पाटलांचं घर मुर्ध्यात, खाडीच्या बाजूला. एकेकाळी त्यांची मिठागरं होती आणि भातशेती. आता घराच्या मागे थोडी मोकळी जमीन आणि समोर क्रेन. पाटील एकटेच होते, घरची मंडळी लग्नाला गेलेली. रिक्षा थांबताच त्यांनी मैनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही तर हरणीच हाय."

मागच्या अंगणात मैनेची सोय झाली. नाना आणि पाटलांचं लगेच जमलं. मिठागर कसं असतं ते पाटलांनी काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवलं: भरतीचं पाणी कुठून घ्यायचं, कुठे तापत ठेवायचं, मीठ कसं धरतं. "अवकाळी पाऊस आला का सगळा धुऊन जायाचा," ते म्हणाले.

नाना म्हणाले, "आमच्याकडं पडला न्हाई की रडत्यात. तुमच्याकडं पडला की." मग दोघे थोडा वेळ क्रेनकडे बघत बसले. मीठ गेलं त्याबद्दल पाटील फार हळहळले नाहीत. पोरं शिकली, एक बँकेत आहे, एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे, असं सांगितलं. पण अंगणाच्या कोपऱ्यात लाकडी फावडं अजून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, आणि मैनेने त्यावर पाय ठेवला तेव्हा ते त्यांनी उचलून आत नेलं.

शनिवारी सकाळी मैना बदलली. मी पाठीवर हात ठेवला की शेपटी बाजूला करून उभी राहू लागली. तारोडीच्या दिशेला तोंड करून बारीक आवाज काढू लागली. नानांनीही ते बघितलं. आजचा दिवस होता. उद्याचा असेल की नाही, कुणी सांगावं? दुपारी त्यांनी पाटलांच्या घरचा भात चिवडला आणि ताट सरकवलं. मी फोन हातात घेतला तसे म्हणाले, "ठेव तो."

"नाना, नुसतं विचारते."

"विचारलंस की ती पोरगी न्हाई म्हणायची न्हाई. म्हणून विचारायचं न्हाई."

मी फोन ठेवला. त्या दुपारी मला नानांचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. एका शोसाठी एवढ्या पिढ्यांचं जपलेलं जाऊ द्यायचं?

चहाच्या वेळेला दाराशी रिक्षा थांबली. आधी हिराचं लांब तोंड बाहेर आलं, मग ग्रेटा. मागून कण्हत, रिक्षाचा दांडा धरून अंकल उतरले.

"मी फोन नव्हता केला," मी घाईने म्हटलं.

"माहीत आहे," ग्रेटा म्हणाली. "कालपासून वाट बघतेय, कुणीतरी करेल म्हणून. डॅडी सकाळी म्हणाले, ते लोक मरतील पण फोन करणार नाहीत. तुझं तू ठरव." तिने नानांकडे बघितलं. "शो परत येतील नाना. कुठे ना कुठे येतातच. मैना आज तयार आहे ना?"

नानांनी मान हलवली. अंकल म्हणाले, "चला चला, म्हातारे झालो, उभं राहवत न्हाय," आणि पाटलांनी पुढे केलेल्या खुर्चीत धपकन बसले.

पुढचं लिहिण्यासारखं कमी आहे. मैना शांत उभी राहिली. हिराला अनुभव नव्हता, थोडा गोंधळ झाला, नानांनी मैनेचं डोकं आपल्या दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि तिच्या कानाशी काहीबाही बोलत राहिले. ग्रेटा हिराला धरून होती. शेवटी जोडी लागली. क्रेनसुद्धा थांबली होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मग पाटील आत गेले आणि सगळ्यांसाठी सरबत घेऊन आले, बारसं असल्यासारखं.

त्या संध्याकाळी हिरा पोटभर जेवला, असा ग्रेटाचा निरोप आला.

भाईंदरचं मैदान

रविवारी आम्ही शोला गेलो. मैना पाटलांकडे राहिली. भाईंदर पश्चिमेच्या त्या मैदानावर जे दिसलं ते आमच्या गावात सांगून कुणाला पटलेलं नाही. टेबलांवर उभी कुत्री, त्यांचे केस वाळवायला मशिनी, कपाळावर रबर लावून बांधलेल्या शेंड्या. एका कुत्र्याला पावडर लावत होते. एक पांढरं, ढगाएवढं कुत्रं टेबलफॅनसमोर झोपलं होतं आणि त्याचा मालक उन्हात. लोक मराठीत, हिंदीत, गुजरातीत, इंग्रजीत कुत्र्यांना एकच गोष्ट सांगत होते: उभा राहा. धोतर आणि टोपीतल्या नानांबरोबर दोघातिघांनी फोटो काढून घेतले. नाना प्रत्येकाला विचारत होते, "ह्ये कुत्रं काय काम करतंय?" आणि कुणालाच उत्तर देता येत नव्हतं.

पण रिंगणात बघायला लागल्यावर ते बदलले. परीक्षक बाई प्रत्येक कुत्र्याचं तोंड उघडून दात बघत होत्या, खांदे चाचपत होत्या, मग पळवून चाल बघत होत्या. नाना कडेच्या दोरीला रेलून म्हणाले, "बैलबाजारात बी आसंच बघत्यात." थोड्या वेळाने म्हणाले, "बाईचा हात चांगला हाय. खांदा बराबर धरतीय." आणखी थोड्या वेळाने, "त्या काळ्याला पयला नंबर न्हाई मिळायचा, कोपरं भाईर हायेत." आणि काळ्याला नाही मिळाला. अंकलनी नानांच्या पाठीवर थाप मारली. दोघे मग प्रत्येक कुत्र्यावर पैज लावल्यासारखे बोलू लागले, आणि मला त्यांच्यात बसायला जागा उरली नाही.

ग्रेटा पांढरा कोट घालून हिराला घेऊन आत आली. तो असा चालला की मागच्या गप्पा बंद झाल्या. जमिनीला पाय लागतो की नाही असं वाटावं. परीक्षक बाईंनी त्याला दुसऱ्यांदा पळवायला सांगितलं. अंकलनी माझा दंड घट्ट धरला. "बघतेस ना? तिला आवडला. बघतेस ना?"

हिरा आमच्या बाजूने वळला आणि मधेच थांबला. नाक वर केलं. आणि रांग, पट्टा, ग्रेटा सगळं विसरून सरळ नानांकडे आला. सकाळी निघायच्या आधी मैना नानांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि नानांच्या अंगावर तेच धोतर होतं. हिराने दोरीखालून तोंड घातलं आणि नानांच्या मांडीत खुपसलं. ग्रेटाने ओढलं, पुचकारलं. हिरा हलेना. लोक हसू लागले. नाना दोन्ही हात वर करून उभे, जणू त्यांनीच काही चोरलं होतं.

परीक्षक बाई थांबल्या, पुन्हा संधी दिली. पण हिराची मान आता आमच्याकडेच वळलेली. प्रमाणपत्र दुसऱ्या कुत्र्याला गेलं. जाताना बाई ग्रेटाला म्हणाल्या, "कुत्रा फार सुंदर आहे. पुन्हा आण."

ग्रेटा बाहेर आली ती हसतच. "नाना, तुम्ही आज आंघोळ नाही केली का?"

"केली की. धोतर कालचंच हाय."

ती हसता हसता कडेला लावलेल्या गाडीच्या मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. मी उठले तशी अंकलनी मला बसवलं. "रडू दे. माझा पहिला बॉक्सर हरला तेव्हा मी टॉयलेटमध्ये जाऊन रडलो होतो. तेवढं लागतं."

नाना मात्र थांबले नाहीत. ते गाडीच्या मागे गेले. तिथे ग्रेटा हिराच्या मानेला कपाळ टेकून बसली होती. नाना तिच्याशेजारी मातीत बसले. आमच्या अंगणात पिल्लं निवडायची पहिली पाळी घरच्यांची, ती कुणालाच दिलेली मी पाहिली नव्हती. नाना म्हणाले, "पोरी, मैना फळली तर पयलं पिल्लू तुझं. आधी तू निवडायचं. मग म्या."

पुन्हा घरी

मैना फळली. मार्चमध्ये सकाळच्या उन्हात तिने पिल्लं दिली आणि एकही दगावलं नाही. नाना पहिले काही दिवस गोठ्यातच राहायला गेले. आल्यागेल्याला बाहेरच थांबवायचे आणि पाय धुवायला लावायचे, साथीच्या धास्तीने. मी डॉक्टरांकडून लसी आणून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, भाजीच्या शेजारी.

मे महिन्यात तारोडीची मंडळी आली. अंकलनी आमचं ऊन बघून दिवसभर डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. आंटी विहिरीत वाकून बघत राहिल्या, तळाला पाणी बघून म्हणाल्या, "आमच्याकडे नजर जाईल तिथवर पाणी, पण पिता येत न्हाय. तुमच्याकडे पितात ते एवढंसं." ग्रेटा पुन्हा एकदा दिवसभर पिल्लांमध्ये बसली. हिराचं ते एक सर्टिफिकेट अजून राहिलंय, येत्या थंडीत पुण्याला नेणार आहे, असं तिने सांगितलं.

संध्याकाळी तिने एक मादी उचलली. मानेशी पांढरा ठिपका असलेली. ती नानांनी मनातल्या मनात स्वतःसाठी ठेवलेली होती. जन्मापासून तिच्याकडे ते कसे बघतात हे मला दिसत होतं. नानांनी तिला हातात घेतलं, मान चाचपली आणि ग्रेटाच्या ओटीत ठेवली. "चांगली निवडलीस," एवढंच म्हणाले.

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत नाना वेशीकडे बघत उभे होते. मग गोठ्यात आले, सगळ्यात थोराड नराला मानगुटीला धरून उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"ह्याला ठिवायचा. आणि त्या दोन कुत्र्या बी. बाकीची चांगली घरं बघून देऊ." मग जरा थांबून म्हणाले, "ह्याचं नाव तू ठिव."

आमच्या घरात कुत्र्याचं नाव कर्ता पुरुष ठेवतो. नानांच्या वडिलांनी ठेवली, नानांनी ठेवली, पुढे महादेव ठेवील असं सगळे धरून होते. महादेव दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. पिल्लू माझ्या हातात जड होतं आणि पाय झाडत होतं.

"दर्या," मी म्हटलं.

नानांनी ते नाव तोंडात घोळवून बघितलं. मग पिल्लू माझ्याकडून घेऊन गोठ्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते तेव्हा अंगणातून त्यांचा आवाज आला. ते हाक मारत होते, "दर्या, ये रं." पिल्लाला आपलं नाव अजून ठाऊक नव्हतं. ते भावंडांच्या अंगावर चढून खेळत राहिलं. नानांनी पुन्हा हाक मारली.